ईसीएम बदलायचाय? आधी मीटर लावा

जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की भांडुपच्या माझ्या गाळ्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. "ईसीएम गेलाय म्हणतात, बदलून द्या." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. गाडी टो करून आणलेली असते, मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि कुणीतरी त्याला पाच आकडी रक्कम सांगून मोकळं झालेलं असतं. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. अशा आलेल्या गाड्यांमधल्या बऱ्याचशा गाड्यांचा ईसीएम धडधाकट निघतो. कधी एखादी वायर सडलेली असते, कधी रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटलेला असतो, कधी कुठलातरी सेन्सर सगळ्यांना खाली ओढत असतो.

म्हणून हा लेख बदलण्याच्या कृतीपासून सुरू होत नाही. या कामात नव्याने आलेली मुलं आणि आपल्या गाडीवर स्वतः हात चालवायची आवड असलेले मालक, दोघांसाठी लिहितोय. डबा काढून दुसरा बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरी मेहनत त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर आहे.

हा डबा करतो काय

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मोड्यूल. कुणी ईसीयू म्हणतं, वस्तू तीच. छोट्या वहीएवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्याला एक किंवा दोन मोठे कपलर (वायरी जोडायचे प्लग), आणि त्यातून निघणाऱ्या शंभरच्या आसपास वायरी. क्रँक सेन्सर त्याला इंजिन किती फिरलं ते सांगतो, कूलंटचा सेन्सर तापमान सांगतो, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तुम्हाला किती जोर हवाय ते सांगतं. त्यावरून तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा, ठिणगी कधी द्यायची, थ्रॉटल किती फिरवायचा हे ठरवतो.

मी काम शिकलो ते काळ्या-पिवळ्या पद्मिनींवर. कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर, संपलं. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण त्या काळातल्या काही सवयी अजून गॅरेजात जिवंत आहेत आणि आजच्या गाड्यांना त्याच मारतात. त्याबद्दल पुढे. धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमांचा बीएस-४ हा टप्पा मुंबईत एप्रिल २०१० ला आला, देशभर बीएस-६ एप्रिल २०२० ला. दर टप्प्याला या डब्याकडचं काम वाढत गेलं. बीएस-६ डिझेल गाडीत तर धुराच्या फिल्टरचा सगळा हिशेबही त्याच्याकडे असतो.

पहिली पायरी: चावी फिरवा आणि नुसतं बघा

सेल्फ मारू नका. चावी ऑन करा आणि स्टिअरिंगसमोरच्या मीटरमधल्या चेक लाइटकडे बघा. तो पिवळा दिवा चावी ऑन केल्यावर लागलाच पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा अजिबात लागत नसेल तर ईसीएमला करंट मिळत नाहीये, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) मिळत नाहीये, किंवा तो खरंच मेलाय. दिवा लागतोय आणि गाडी फक्त मिसिंग मारतेय, म्हणजे अडखळत चालतेय, तर डबा जिवंत आहे आणि काहीतरी सांगतोय. या एका नजरेने अर्धी दिशा ठरते, आणि फुकटात ठरते.

चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह असलेला दिवा भराभर लुकलुकत असेल तर गोष्ट इमोबिलायझरची आहे, म्हणजे गाडीला चावी ओळखू येत नाहीये. अशा वेळी सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा धरून दोन सेकंदांत बंद पडतं. दुसरी चावी घरी असेल तर मागवून घ्या आणि लावून बघा. ईसीएमवर बिल फाडण्याआधी एवढं कराच.

स्कॅनर बोलतोय का

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात स्कॅनर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. साधा ब्लूटूथवालाही सुरुवातीला चालतो, पण खात्रीच्या कामाला सगळे मोड्यूल (एबीएससारखे गाडीतले बाकीचे डबेही) वाचणारा हवा. स्कॅनर लागलाच नाही तर आधी सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा करंट येतोय का आणि ४ व ५ नंबरला अर्थ आहे का ते मीटरने (मल्टिमीटरने) बघा. पुष्कळ गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज दुसऱ्याच एखाद्या वस्तूबरोबर वाटून घेतलेला असतो, आणि मोबाइलचा स्वस्त चार्जर शॉर्ट झाला तरी स्कॅनर मुका होतो.

स्कॅनर एबीएसशी बोलतो पण इंजिनशी बोलत नाही, असं असेल तर संशय ईसीएमच्या करंटवर, अर्थिंगवर किंवा खुद्द ईसीएमवर येतो. कुणाशीच बोलत नसेल तर बहुधा मोड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाइनच अडलेली आहे. ती तपासायला बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाच मिनिटं थांबा आणि सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आले पाहिजेत. १२० आले तर लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय. पुष्कळ गाड्यांत हे एक टोक ईसीएमच्या आत असतं, त्यामुळे ईसीएमचा कपलर काढून ठेवला असेल आणि १२० दिसले तर घाबरायचं कारण नाही. शून्याजवळ दिसलं तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. बहुतेक वेळा उंदराने साल कुरतडलेली सापडते.

कोड निघाले तर लिहून घ्या, फोटो काढा, लगेच पुसू नका. पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे ईसीएमच्या आतल्या मेमरीबद्दल आणि प्रोसेसरबद्दल बोलणारे कोड आहेत. पण तेही बॅटरी उतरलेली असताना, सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळल्यामुळे उमटू शकतात. आणि यू०१०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की बाकीचे मोड्यूल म्हणतायत, "आम्हाला ईसीएमचं काही ऐकू येत नाही." का ऐकू येत नाही ते आपण शोधायचं. कोड वाचून थेट पार्टचं नाव सांगणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

करंट आणि अर्थ: इथे वेळ घालवा

सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना १० च्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. याच्या वर पंधराच्या पुढे जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. तो आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा ईसीएमही तोच मारेल.

मग फ्यूज आणि मेन रिले. फ्यूज डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नका. त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही टोकांना मीटर लावा, दोन्हीकडे करंट हवा. मेन रिले तसाच दुसरा रिले लावून बदलून बघा.

आता ईसीएमच्या कपलरवर या. त्या गाडीची वायरिंग डायग्राम मिळवा. अंदाजाने पिना टोचत बसू नका. डायग्रामवरून कायमचा करंट, चावीचा करंट, रिलेमार्फत येणारा करंट आणि सगळ्या अर्थच्या पिना शोधा. अर्थच्या पिना दोन-चार असतात, प्रत्येक बघायची.

नव्या मुलांची इथे एक चूक हमखास होते. ते मीटर ओहमवर ठेवतात, अर्थची वायर मोजतात, शून्य येतं, आणि म्हणतात अर्थ ओके. पण वायरीतले वीस धागे सडून एकच उरला असेल तरी मीटर शून्यच दाखवतो. त्या एका धाग्यातून मीटरचा नखाएवढा करंट जातो, ईसीएमचा जात नाही. म्हणून भार टाकून तपासा. मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरींना जोडून ठेवलाय. एक टोक ईसीएमच्या अर्थच्या पिनच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. करंटच्या पिना उलट बाजूने तशाच तपासा. बल्ब दिव्याच्या वातीसारखा लालसर राहिला तर चोर सापडला. दुसरी पद्धत म्हणजे कपलर लावलेला, चावी ऑन, मीटर २ व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ईसीएमच्या अर्थच्या पिनला मागच्या बाजूने. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब.

कन्नमवार नगरचे एक काका गाडी घेऊन आले होते. पुलावर चढताना गाडी बंद पडायची, पाच मिनिटांनी आपोआप चालू व्हायची. एका वर्कशॉपने ईसीएम बदलायला सांगितलं होतं आणि अ‍ॅडव्हान्स मागितला होता. मी बल्ब लावला, लाल. अर्थची वायर हाताने चाचपत गेलो ती बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला बोल्ट केलेली होती. बोल्ट सोडवला तर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) पांढऱ्या-हिरव्या भुकटीने भरलेला, आणि सालीवर बोट दाबलं की आतली तांब्याची तार चुरचुर करत मोडत होती. बॅटरीतून झिरपलेल्या अ‍ॅसिडने ती खाल्ली होती. हातभर वायर कापली, नवी जोडली, नवा लग दाबला, बॉडीचा रंग घासून चकचकीत धातूवर बसवला. काकांनी तो कापलेला तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला, वर्कशॉपवाल्याला दाखवायला.

एक विनंती. वायरीच्या सालीत सुई टोचून तपासू नका. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने ओल आहे. त्या भोकातून ओल आत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागच्या रबराकडून बारीक पिन हळूच सरकवा. आणि कपलरच्या पुढच्या भोकांत मीटरची जाड टोकं कोंबू नका. आतली पिन फाकली की लूज कॉन्टॅक्टचं नवं दुखणं तुम्हीच तयार केलंत.

पाच व्होल्टची लाइन

ईसीएम बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो, आणि एकच लाइन तीन-चार सेन्सरमध्ये वाटलेली असते. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन बसते. कधी कधी ईसीएमच दडपतो, चेक लाइट लागत नाही, स्कॅनर बोलत नाही. हुबेहूब मेलेल्या ईसीएमसारखं.

तपासायला सोपं आहे. एखाद्या सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट येतायत का बघा. नसतील तर मीटर तिथेच लावून ठेवा, चावी ऑन ठेवा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्या सेन्सरला काढल्यावर ५ व्होल्ट परत उभे राहतात, तो गुन्हेगार. सगळे काढूनही येत नसतील तर वायरिंगमध्ये शॉर्ट शोधा. ईसीएमकडची ती वायर सुटी केली तरी त्याच्या पिनवर ५ व्होल्ट नाहीत, आणि करंट-अर्थ मघाशी बल्बने पक्के झालेत, तेव्हाच ईसीएमकडे बोट दाखवायचं.

गाडीला सीएनजी किट असेल तर

मुंबईत ही पायरी वगळून चालणार नाही. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून किटच्या स्वतःच्या ईसीयूमधून फिरवलेल्या असतात. मूळ ईसीएमला वाटत राहतं की इंजेक्टर चालू आहेत, म्हणून त्याच्यासाठी खोटा भार दाखवणारी सर्किटही त्यातच असते. तो ईसीयू बिघडला किंवा त्याचे जोड सैल झाले की गाडी पेट्रोलवरही मिसिंग मारते, आणि स्कॅनर मात्र इंजेक्टरचे कोड दाखवतो. किटचा कपलर काढून इंजेक्टरच्या वायरी मूळ जोडणीला आणा आणि पेट्रोलवर चालवून बघा. गाडी सुरळीत झाली तर तुमचा ईसीएम वाचला. हे काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडून करून घ्या. गॅसच्या पाइपला मात्र स्वतः हात लावायचा नाही.

कंपनीतून आलेल्या सीएनजी गाड्यांत रचना वेगळी असते. मारुतीच्या एस-सीएनजीत एकमेकांवर अवलंबून असलेले दोन ईसीयू असतात. तिथे कुठला गेला ते आधी ठरवा.

डबा खरंच गेलाय, मग मारला कुणी?

वरच्या सगळ्यातून गेलात आणि बोट ईसीएमकडेच वळलं, तर लगेच नवा आणायला धावू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी हेच केलं होतं. एका गाडीच्या एका सिलिंडरची ठिणगी जात होती, ईसीएममधला ठिणगी देणाऱ्या त्या कॉइलचा ट्रान्झिस्टर जळाला होता. ईसीएम बदलला, गाडी दिली. दोन दिवसांनी गाडी परत, तोच सिलिंडर, तोच कोड. कॉइल आतून शॉर्ट होती. तिने पहिला जाळला आणि दुसराही जाळला. ते पैसे मी भरले. त्यानंतर इंजेक्टर आणि कॉइल मोजल्याशिवाय मी नवा डबा लावलेला नाही. साध्या पेट्रोल गाडीचा इंजेक्टर बहुधा १२ ते १६ ओहम असतो, पण आकड्यापेक्षा चारही एकमेकांशी जुळतात का ते बघा. एक वेगळा निघाला तर तो बदला.

बाकी मारेकरी आपल्या ओळखीचे आहेत. मे-जूनमध्ये झाडाखाली उभ्या गाडीच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या आणि सोनमोहराची बारीक पानं साचतात, लगदा होतो, निचऱ्याचं भोक बुजतं, आणि पावसाचं पाणी वाट काढत ईसीएमच्या कपलरवर टपकतं. पावसाळ्याच्या आधी ती जाळी काढून एक मग पाणी ओता. पाणी खाली रस्त्यावर पडलं पाहिजे. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी तेच होतं, फक्त पाणी डाव्या बाजूच्या पायाशी साचतं, आणि काही गाड्यांत ईसीएम तिथेच असतो.

मघाशी म्हटलेली पद्मिनीच्या काळची सवय म्हणजे चालू गाडीची बॅटरीची टर्मिनल काढून "चार्जिंग होतंय का" बघणं. कार्बोरेटरच्या गाडीत ते खपून जायचं. आजच्या गाडीत टर्मिनल सुटताक्षणी अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीएमचं आयुष्य तिथेच संपू शकतं. कुणी असं करू लागला तर त्याचा हात धरा. जंप स्टार्टच्या क्लिपा उलट लावणं आणि बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग मारणं हीसुद्धा तशीच कारणं.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कितीतरी आठवडे आम्ही डबे उघडून वाळवत होतो. तेव्हा शिकलो ते असं: पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारायचाच नाही, चावीसुद्धा ऑन करायची नाही. भिजलेला बोर्ड करंट नसताना पुष्कळदा वाचतो, करंट दिला की पिना खाल्ल्या जातात. बॅटरीची निगेटिव्ह काढा, विमा कंपनीला कळवा, आणि सर्व्हेयर बघेपर्यंत काही खोलू नका. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (नुसत्या थर्ड पार्टीत नाही) पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड धरलेला नसतो, आणि पाण्यात सेल्फ मारून इंजिन बसवलंत तर क्लेमवर वाद होतो.

नवा, जुना की दुरुस्त?

माझी पसंती क्रमाने सांगतो. आधी आपलाच डबा दुरुस्त होतो का बघा. गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर बोर्डवरचा सोल्डर सुटलेला असू शकतो. इंजिन चालू ठेवून डब्याला हेअर ड्रायरने बेताची ऊब द्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. त्या क्षणी इंजिन गचकलं तर आतला जोड सुटलाय, आणि तो मायक्रोस्कोपखाली काम करणारा चांगला माणूस पुन्हा पक्का करू शकतो. सुजलेला कपॅसिटर किंवा जळालेला ट्रान्झिस्टरही बदलता येतो. यातला मोठा फायदा असा की चावीची, चासीची, इंजेक्टरची सगळी माहिती त्याच डब्यात जशीच्या तशी राहते.

ते जमत नसेल तर डीलरकडून चासी नंबर देऊन नवा मागवा. महाग असतो, थांबावं लागतं, आणि इलेक्ट्रिकल पार्ट बहुधा परत घेत नाहीत. म्हणून तर आधीच्या पायऱ्यांवर इतका वेळ घालवला.

तिसरा रस्ता कुर्ल्याचा. सीएसटी रोडवर खोललेल्या गाड्यांचे ईसीएम मिळतात. तिथे जाताना आपल्या डब्याच्या लेबलचा स्वच्छ फोटो न्या आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. मॉडेल तेच, इंजिन तेच, पण एक ऑटोमॅटिक आणि एक गिअरची, एक बीएस-४ आणि एक बीएस-६, एवढ्याने आतलं सॉफ्टवेअर बदलतं. लेबल खरवडलेलं असेल, डब्याच्या झाकणाची कड उचकटलेली असेल किंवा पिनांच्या मुळाशी हिरवट डाग असतील तर तिथून निघा. बिल घ्याच. चोरीच्या गाडीचा पार्ट आपल्या गाडीत नको. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की तो डबा दुसऱ्या कुणाच्या तरी चावीशी बांधलेला आहे. नुसता लावून गाडी चालू होईल ही आशा धरू नका.

काढणं आणि बसवणं

जुन्या ईसीएमशी स्कॅनर अजून बोलत असेल तर आधी त्यातलं सगळं वाचून साठवा: चासी नंबर, सॉफ्टवेअर नंबर, डिझेल गाडीत इंजेक्टरचे कोड आणि धुराच्या फिल्टरची आकडेवारी. मेलेल्या डब्यातून हे काढायला नंतर बोर्ड खोलावा लागतो.

चावी बंद करा, गाडीबाहेर काढा, पाच मिनिटं थांबा. चावी बंद झाल्यावरही ईसीएम थोडा वेळ जागा असतो. मग १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि ती पुन्हा टेकणार नाही अशी कापडाने गुंडाळा. ईसीएम बॅटरीजवळ, काचेखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते. कपलरला लिव्हर असतो. आधी त्याची कळ दाबायची, मग लिव्हर पूर्ण फिरवायचा, कपलर आपोआप वर येतो. वायरी धरून ओढलंत तर पिन वाकते, आणि वाकलेली पिन सरळ करताना मोडते.

नवा बसवण्याआधी मोबाइलचा टॉर्च कपलरमध्ये मारून एकेक पिन बघा. हिरवट असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. पॉलिश पेपर घासू नका, पिनांवरचा मुलामा निघून जातो. पूर्ण सुकू द्या. तेल किंवा कूलंट वायरींच्या आतून कपलरपर्यंत आलेलं दिसलं तर ते कुठल्या सेन्सरमधून चढतंय ते शोधा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा इथेच याल. डबा त्याच्या मूळ ब्रॅकेटवर सगळ्या बोल्टांनी बसवा, कारण काही गाड्यांत बोल्टमार्फतही अर्थ मिळतो. कपलरचा लिव्हर शेवटपर्यंत गेला की टक आवाज येतो. तो ऐकूनच बॅटरी जोडा.

नव्या डब्याला गाडीची ओळख करून देणं

नवा ईसीएम कोरा असतो. त्यात या गाडीचं सॉफ्टवेअर आणि चासी नंबर भरावा लागतो, मग चाव्या मॅच कराव्या लागतात, त्याला बऱ्याच गाड्यांत त्या गाडीचा गुप्त पिन कोड लागतो. घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर आणा, एक विसरलात तर ती नंतर चालणार नाही. जुन्या बाजारातल्या डब्यासाठी आपल्या मूळ ईसीएमच्या मेमरी चिपमधली माहिती काढून त्यात उतरवतात, त्याला क्लोन करणं म्हणतात. हे शिकल्याशिवाय करून बघू नका, आणि ज्याच्याकडे द्याल त्याला आधी मूळ फाइलचा बॅकअप घ्यायला सांगा.

सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला स्थिर १३.५ व्होल्टच्या आसपास देणारा सप्लाय जोडा. एसी, हेडलाइट, टेप सगळं बंद, दरवाजे उघडझाप करायची नाहीत. मध्येच व्होल्टेज पडला तर नवा कोरा डबा तिथेच बाद होऊ शकतो.

त्यानंतर थ्रॉटल लर्निंग, म्हणजे थ्रॉटल कुठे उघडतो-मिटतो ते नव्या ईसीएमला शिकवणं. डिझेल असेल तर प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड त्याच सिलिंडरच्या जागी भरणं. ही अदलाबदल झाली तर गाडी खडखडते आणि धूर काढते. मग इंजिन चालू करून, एसी बंद ठेवून, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) सोडा. कोड पुसा, पुन्हा स्कॅन करा.

ट्रायलची सुरुवात वर्दळीत करू नका. पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर भांडुपहून ठाण्यापर्यंत एका लयीत जा, मग परत येऊन मुद्दाम गर्दीच्या रस्त्यावर इंजिन चांगलं तापू द्या, दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. तापलेल्या गाडीला एका सेल्फमध्ये चालू होता आलं पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस आयडल थोडं वर-खाली होईल, गिअर किंचित गचकेल. ईसीएम शिकतोय तोवर हे चालतं. आठवड्याने पुन्हा एकदा स्कॅन करा आणि अल्टरनेटरचा व्होल्टेजही परत मोजा. पीयूसीची तारीख जवळ असेल तर हा आठवडा जाऊ द्या, मग करा.

जुना डबा भंगारात देऊ नका. त्यात तुमच्या चावीची माहिती आहे, आणि क्लोन केलेल्या डब्याचं काही बिघडलं तर ती माहिती परत काढायला तोच लागतो. त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर बंद करा आणि निदान एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत घरात कोरड्या जागी ठेवा.